पिल्लाचा शब्द

मेडशी, ता. मालेगाव
डिसेंबर, रविवारनंतरचा बुधवार

प्रिय प्रसेनजित,

जय भीम. तुझी खुशाली विचारत नाही. रविवारी फोनवर ज्या आवाजात ओरडलास त्यावरून तब्येत ठणठणीत आहे हे कळलं. घरात सगळ्यांसमोर मी तुला ‘तुमी’ म्हणते, पुढेही म्हणेन. या पत्रात मात्र ‘तू’च म्हणणार, कारण इतका राग आल्यावर माझ्याकडून ‘तुमी’ निघत नाही. फोन सोडून पत्र काहून, तर फोन तू कापतोस. माझं वाक्य अर्ध्यात आलं की तुझी रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही. बराकीत शेजारच्या खाटेवरच्या कोणी विचारलं की वहिनीनं काय लिहिलं, तर सांग, कुत्रीबद्दल लिहिलंय. ते खोटं नाही.

जेनी आत्ता माझ्या पायाशी आहे, सोयाबीनचे कट्टे ठेवतो त्या खोलीत. ती माजावर आली तेव्हापासून आम्ही दोघी इथेच राहतो असं समज. शिलाई मशीनसुद्धा इथेच आणून ठेवली, कारण एकटी ठेवली की ती दार खरवडून काढते. फरशीवर थेंब पडतात, मी पुसते, ती चाटते, पुन्हा पडतात. शेवटी यशूच्या जुन्या चड्डीला शेपटीपुरतं भोक पाडलं, आतून सुती कापड लावलं आणि घातली तिला. यशू, आपली लेक, हसून हसून जमिनीवर लोळली. तासाभरात गावभर बोभाटा, “फौजीच्या बायकोनं कुत्रीले चड्डी घातली!” तुझा जिगरी दोस्त जगदेव पानटपरीवर हे रंगवून सांगतो म्हणे. लोक चड्डी पाहायला येऊन राह्यले. कुंपणाबाहेर गावातले सगळे कुत्रे ठाण मांडून बसलेत, भांडतात, आपल्या बैलगाडीच्या चाकावर तंगडी वर करतात, पण ते तरी बरे. ते माझ्याकडे पिल्लू मागत नाहीत.

माणसं मागतात. सरपंचाला तू शब्द दिलास, मोबाइलच्या दुकानवाल्याला दिलास, शाळेतल्या गुरुजींना दिलास, किन्हीराजा गावच्या त्या तुझ्या पाहुण्याला दिलास. मी दळण घेऊन निघाले तरी कोणीतरी हटकतं, “दीपावहिनी, आमचं पिल्लू कवा?” आमचं! तिच्या पोटात काही नाही, आणि यांचं आधीच आमचं! तू सुटीवर येतोस, चार लोकांत बसतोस, चहा येतो, कोणी म्हणतं काय भारी कुत्री हाये, की झालं, तुझं मन आभाळाएवढं होतं. “घे लेका, पहिलं पिल्लू तुहं.” मग बॅग उचलून मालेगावची एसटी पकडतोस, आणि शब्द माझ्या दारात बसून राहतो.

दोन वर्षांपूर्वी तू तिला, जातिवंत लॅब्राडोर म्हणून, कॅम्पातून आणलंस तेव्हा ती माझ्या ओंजळीत मावत होती. नाव तुम्हीच तिकडे ठेवलेलं. मामंजी अजून ‘झेनी’च म्हणतात. पहिल्यांदा माजावर आली तेव्हा मी घाबरले, कुठे लागलं की काय म्हणून. मालेगावला जनावराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. माज चालू असताना ऑपरेशन नको, रक्त जास्त जातं. माज उतरला की दोन-अडीच महिने जाऊ द्या, मग आणा. पिल्लं नको असतील तर पुढच्या माजाची वाट पाहू नका. मी विचारलं, एकदा तरी पिल्लं व्हावी लागतात का, लोक म्हणतात तसं? ते म्हणाले, तिच्या तब्येतीला त्याची काही गरज नाही, ही माणसांची हौस आहे. हे सगळं मी तुला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. तू म्हणालास, “एकदा होऊ दे ना दीपा. मी लोकायले शब्द देऊन बसलो.” मी तेव्हा ऐकलं.

मग दुसरा माज आला. मी तिला बांधून ठेवत होते आणि मामंजी माझ्यावर चिडत होते. त्यांचं आयुष्य गाई-बैलांत गेलं. गाईचं कसं असतं, माज उतरला की मग रक्त दिसतं. रक्त दिसलं म्हणजे वेळ गेली, आता गाय फळत नाही, हे त्यांना हातावरच्या रेषेसारखं पाठ. त्यामुळे जेनीचे थेंब दिसले त्या दिवसापासून ते म्हणायचे, “माज गेला तिचा, कायले बांधून ठेवता मुक्या जीवाले?” मी ऐकलं नाही. पण भावाच्या साखरपुड्याला माहेरी जऊळक्याला गेले, आणि इकडे रक्तही थांबलं. झालं, त्यांना आता शंकाच उरली नाही. त्यांनी मायेनं दोरी सोडली, तिच्या मानेवर हात फिरवला आणि म्हणाले, जाय माय, फिरून ये. डॉक्टर नंतर कपाळावर हात मारून म्हणाले, कुत्रीचं नेमकं उलटं असतं हो, रक्त फिकं पडलं की तेव्हाच ती कुत्र्याला उभी राहते. मामंजींचा मला राग नाही. त्यांना जे माहीत होतं त्यावरून त्यांनी केलं, आणि कळल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. तू मात्र फोनवर हसलास.

आणि पिल्लं गावठी निघाली तेव्हा तुझं हसणं बंद झालं. तिचं बाळंतपण तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं, तुझ्या वहिनीनं, सपनाताईनं पाहिलं. दिवसभर कळा देत होती. शेवटची दोन मेलेली आली, त्यातलं एक अडकलं होतं, जगदेवची जीप मिळेपर्यंत सपनाताई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. जेनीनं तिच्या हाताला चावा घेतला, तरी तिनं हात काढला नाही. त्यानंतर जेनी उभी राहत नव्हती. सपनाताई तिला बोटानं मऊ भात भरवायची. तू काय म्हणालास आठवतं? “ही पिल्लं माह्या शब्दातली नाहीत, वाटून टाक कोणालेही.” वाटली आम्ही. ज्यांना तू शब्द दिला होतास त्यांच्यापैकी एकानंही गावठी पिल्लाला हात लावला नाही. एकेक पिल्लू गेलं की जेनी गोठ्यात, कट्ट्यांमागे, खाटेखाली हुंगत फिरायची. आणि सपनाताई मोरीत जाऊन तोंड धुवायची. मी म्हणायची, ताई, इतकं काय, कुत्र्याची पिल्लं ती. काय कळत होतं मला?

आता या वेळी तू कळस केलास. मला न सांगता तुझ्या ओळखीच्या सेवादासभाऊंना वाशिमहून त्यांचा लॅब्राडोर घेऊन रविवारी पाठवलंस. मी चुलीपाशी, आणि दारात गाडी. मागच्या सीटवर तो हा एवढा मोठा कुत्रा जीभ काढून बसलेला. सेवादासभाऊ बिचारे भले माणूस. म्हणाले, “वहिनी, प्रसेनभाऊचा शब्द हाये. दोन दिवस ठेवा याले, एक पिल्लू माहं.” मी फाटकात उभी राहिले. म्हटलं, भाऊ, चहा घ्या, जेवून जा, पण तुमचा कुत्रा गाडीतून उतरणार नाही. शब्द ज्यानं दिला त्याच्याकडून पिल्लू घ्या. बाया दारात आल्या, पोरं कुंपणावर चढली, जगदेव लुंगी सावरत धावत आला. मी हलले नाही. सेवादासभाऊ चहा न घेता परत गेले, याचं मला वाईट वाटलं. जगदेवनं तुला फोन लावला तेव्हा त्यांची गाडी अजून मेडशीच्या बाहेरही पडली नसेल.

मग तुझा फोन. माझे हात पिठात होते म्हणून यशूनं स्पीकरवर टाकला. तू जे बोललास ते मी लिहून काढत नाही, एकच लिहिते. तू म्हणालास, “माह्या शब्दाले गावात किंमत ठेवली नाही तू. माह्या घरातलं मी कोणालेही देईन, तू कोण आडवी येणारी?” माझ्या बाजूला सपनाताई लसूण सोलत बसली होती. मी रागानं लाल झाले होते म्हणून माझ्या लक्षात आलं नाही, पण नंतर आठवलं, तिचे हात थांबले होते.

दिवे लागल्यावर ती या कट्ट्यांच्या खोलीत आली. जेनीच्या अंगावरून हात फिरवत बसली बराच वेळ. तुला माहीत आहे ती कशी आहे. जाऊ म्हणून ती माझ्या वाट्याला आलीच नाही. यशूच्या वेळी माझे पाय दाबले, माझ्या माहेरच्यांसमोर माझी बाजू घेतली, चांगली साडी आली की आधी माझ्या अंगावर लावून पाहते. ती बाई खाली मान घालून मला म्हणाली, “दीपा, झेनीचं तू मोडलं ते बरंच केलं. माहं तेवढं नोको मोडू वो.” मला वाटलं तिलाही पिल्लू कबूल केलंस. मी हसलेच. म्हटलं, अवो ताई, तुम्हाला कशाला पिल्लू, जेनी तुमचीच आहे. तिनं जेनीवरचा हात काढला. मग म्हणाली, “तुले नाही सांगितलं त्यायनं?”

तू जेनीला घेऊन आलास त्याच सुटीत, अकोल्याच्या डॉक्टरांनी ताईला आता आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं. दादा ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. तू त्यांचा हात हातात घेतलास आणि म्हणालास, “दादा, आमचं पुढचं तुमचं. पोरगी होवो का पोरगा. शब्द देतो.” दोन वर्षं. दोन वर्षं ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि मला वाटत होतं ही माया आहे. माया होतीच, ते तिच्याकडून मी काढून घेत नाही. पण मी दूध नको म्हटलं की ती पेला हातात कोंबायची, जड हंडा उचलू द्यायची नाही, ‘सावकाश होऊ दे, घाई नाही’ म्हणायची, आणि मी मूर्खासारखी विचारायची, काय सावकाश होऊ दे ताई? तिला वाटायचं मी लाजते. तिनं तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवून पेटीत ठेवलंय. माझ्याच मशीनवर, माझ्यासमोर शिवलं. मी दोरा ओवून दिला.

हरामखोरी म्हणणार होते, म्हणत नाही. तू लबाड नाहीस हे मला माहीत आहे. दादांचं तोंड पाहून तुझा जीव तुटला असेल. तुला देताना आनंद होतो, खरा आनंद होतो, मी पाहिलाय तुझा चेहरा. पण लेका, तू नेहमी दुसऱ्याच्या पोटातलं देतोस! तुझ्या अंगातलं एक तरी दिलंस का कधी? यशूनंतर दवाखान्यातल्या नर्सबाईनं तुला सांगितलं होतं की पुरुषाचंही नसबंदीचं ऑपरेशन होतं, साधं असतं, तर तू तिथून असा निघालास जणू तिनं चाकूच काढला. तुझ्या शरीराचा प्रश्न आला की त्याला विचार लागतो, वेळ लागतो. माझ्या आणि जेनीच्या बाबतीत मात्र चहाचा कप खाली ठेवेपर्यंत निकाल.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा सांगू? तू मला विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, ते मला माहीत नाही. मी रडले असते, भांडले असते, दोन दिवस बोलले नसते. आणि कदाचित, सपनाताईकडे पाहून, कदाचित हो सुद्धा म्हणाले असते. आता ते कधीच कळणार नाही. ते माझं होतं, देणंही माझं आणि न देणंही माझं, आणि तू ते ओसरीत बसून परस्पर संपवलंस. दादांना सुद्धा वाटलं नाही की दीपाला विचारावं. त्यांनी तुला विचारलं असेल तर तू ‘ती हो म्हणते’ असंच सांगितलं असशील. माझी शपथ घेऊन सांग, सांगितलंस ना?

जेनीचं मी ठरवलंय. विचारत नाही, कळवते. हा माज पुरता उतरेपर्यंत ती या खोलीतच राहील. रक्त थांबलं तरी मी कडी काढणार नाही, आणि या वेळी मामंजी स्वतः दाराशी काठी घेऊन बसतात. मग दोन-अडीच महिने गेले की, तुरी घरात आल्यानंतर, मालेगावला नेऊन ऑपरेशन करून आणेन. डॉक्टरांशी बोलणं झालंय. सरपंचाला मी स्वतः सांगितलं की पिल्लू मिळणार नाही. ते म्हणाले, “बरं बाई, काही हरकत नाही.” पाहिलंस? ज्या शब्दासाठी तू माझ्यावर ओरडलास, तो परत घ्यायला एवढंच लागलं. बाकीच्यांनाही सांगेन. ते माझ्याच्यानं होईल.

एक माझ्याच्यानं होणार नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. प्रसेन, मला दिवस गेलेत. धम्मचक्र दिनाच्या सुटीतले. मालेगावला जेनीसाठी गेले तेव्हा दवाखान्यात जाऊन खात्री करून आले. सपनाताई बोलली त्याच्या आधीच मला कळलं होतं, रविवारी संध्याकाळी तिला सांगायचं म्हणून मी शेंगदाण्याचे लाडू वळायला घेणार होते. तुझ्याही आधी तिला सांगणार होते, कारण असं काही सांगायला या घरात मला तीच आहे. आता तिच्यापासूनच लपवते. हे मूल मी कोणाला देणार नाही. ते यशूच्या पाठचं आहे, याच अंगणात वाढेल, सपनाताईच्या कडेवर माझ्यापेक्षा जास्त राहील, तिला मोठी आई म्हणेल, पण आई मला म्हणेल. हे तिला मी सांगू शकत नाही. माझी जीभ कापली तरी मी तिला ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि ‘हो’ तर म्हणणारच नाही. शब्द तू दिलास, तूच परत घे. फोनवर नाही. सुटी माग, खोटं कारण सांग, काहीही कर, पण ये आणि तिच्यासमोर, दादांसमोर बसून, त्यांच्या डोळ्यात पाहून तुझ्या तोंडानं सांग. तुरीची सोंगणी सुरू व्हायच्या आत आला नाहीस तर मी यशूला आणि जेनीला घेऊन जऊळक्याला जाईन, आणि ताई माझ्यामागे आपलंच काहीतरी चुकलं म्हणून रडत बसेल. आज सकाळी भाकर थापताना मला उमासा आला. पदर तोंडावर धरून मागच्या दारानं गोठ्यामागे पळाले. परत आले तर माझ्या ताटात लिंबाचं लोणचं वाढलेलं होतं, आणि सपनाताई माझ्याकडे न पाहता चुलीत काड्या सारत होती, ओठ घट्ट मिटून, हसू दाबत. तिला कळलंय. लवकर ये.

इतक्या रागातही तुझीच,
दीपा